रुपयातले पाच पैसे सुट्टीचे

पगाराच्या दर रुपयातले पाच पैसे सुट्टीसाठी बाजूला ठेवायचे, असं आमच्या घरात ठरलं तेव्हा माझा हाती येणारा पगार साडेपाचशे रुपये होता. म्हणजे महिन्याला साडेसत्तावीस रुपये. हा आकडा ठरवायला आम्हा नवराबायकोला अख्खा जून महिना लागला. तो मोडायला माझ्या माणसांना एक नारळ पुरला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, माझी पन्नाशी उलटली, पण राग गेलेला नाही. गेला असं दाखवायची मला गरजही वाटत नाही.

मी मोहाडीला एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होतो. मूळ गाव करडीच्या बाजूला. तिथं थोरला भाऊ धानाची शेती करायचा, आणि ती शेती आम्हा दोघांची होती. दरवर्षी मे महिन्यात मी रजा काढायचो आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मुलगी आणि मुलगा, गावी जायचो. याला आम्ही सुट्टी म्हणत होतो. मी आंब्याखाली बाज टाकून पडायचो. पोरं दिवसभर बोडीवर, म्हणजे शेततळ्यावर असायची. बायको मात्र उजाडायच्या आधी उठून सडा टाकायची, चूल पेटवायची, मग कुरड्या, पापड, सरोल्या, वरून दर दोन दिवसांनी कुणाचं तरी लग्न आणि तिथला स्वयंपाक. मोहाडीला ती चार माणसांचा स्वयंपाक करायची, गावी चौदा माणसांचा. कचेरीत कुणी विचारलं की मी सांगायचो, आम्ही सगळे सुट्टीवर होतो. त्यात ती पण आली.

एका जूनमध्ये गावाहून परत आल्यावर पाणी भरता भरता ती म्हणाली, “मले एकदा अशा जागी न्या, जिथं सकाळी उठून चूल पेटवा लागणार नाही. चारच दिवस. देव नको, लुगडं नको, काही नको.”

मी हिशेबाचा माणूस. माझ्या तोंडून पहिली गोष्ट निघाली ती अशी, की याला पैसे किती ठेवायचे. ती म्हणाली, ते तुम्ही सांगा. मी विचार करून रुपयाला दोन पैसे सांगितले. त्यावर ती म्हणाली, दोन पैशांत तर शेजारचं तुमसर येतं, तिथं काय फक्त उतरायचं आणि परत फिरायचं? तिनं दहा सांगितले. दहा मला उधळपट्टी वाटली आणि तसं मी बोललो. मग तिनं मला एक काम सांगितलं. वर्षभरात आहेर, लग्नं, बारशी, तेरव्या, गावजेवणं आणि त्यासाठी जाणंयेणं यावर आपले किती गेले, ते काढा म्हणाली. आम्ही दोघांनी आठवून आठवून बेरीज केली. ती रुपयाला अकरा पैसे निघाली.

मला त्या रात्री स्वतःच्या घराचा राग आला. दुसऱ्याच्या कचेरीतला चार आण्यांचा फरक मी दोन दिवस शोधत बसतो, आणि माझ्या पगारातले हे अकरा पैसे मला कुणी न विचारता जात होते. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नव्हतं. ते नुसतं जात होतं, पावसाचं पाणी नालीतून जातं तसं. बायकोच्या चार सकाळींना मात्र मी दोन पैसे लावले होते.

शेवटी पाच ठरले. पगाराच्या दिवशीच ते पोस्टात टाकायचे आणि काहीही झालं तरी त्यांना हात लावायचा नाही.

कचेरीत हे कळलं तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हसले. म्हणाले, “फिरून येशील तं काय आणशील? फोटो. त्यापेक्षा कूलर घे. बायको घरीच थंडी राहील.” सगळे हसले. मी पण हसलो. कूलरपुढं बसूनही चूल पेटवावीच लागते, हे सुचलं ते घरी आल्यावर.

दोन वर्षांत व्याज धरून सातशेच्या आसपास जमले. मी पचमढी निवडली. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि तिथं म्हणे सकाळी शाल लागते. रेल्वेनं नागपूर, तिथून इटारसी, गाडी बदलून पिपरिया, मग वर बस. मी तिथल्या एका लॉजला जोडकार्ड, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं, पाठवलं आणि दर मागवले. चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण धरून भाव आला. धर्मशाळा याच्या पाव पैशांत मिळाली असती, पण धर्मशाळेत स्टोव्ह आपला न्यावा लागतो. त्या काळात आमच्यासारखी माणसं प्रवासाला निघाली की स्टोव्ह, घासलेटचा डबा, तांदूळ, पीठ, तिखट-मीठ सगळं बरोबर असायचं. घर उचलून दुसऱ्या गावी मांडायचं आणि बाईनं तिथं तेच करायचं. मी तसं होऊ देणार नव्हतो. भाडं, लॉज, बस, वरखर्च मिळून सहाशे दहा होत होते. सत्तर-ऐंशी रुपये हाताशी राहत होते. मला माझ्या हिशेबाचा अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

रजा मंजूर झाली तेव्हा मी बायकोला घेऊन गावी गेलो आणि भावाला सांगितलं. थोरल्या भावाला न सांगता जायचं ही आमच्यात रीत नाही, आणि मला लपवायचं काही नव्हतं. दादा ओसरीवर दोर वळत बसला होता. पचमढी म्हटल्याबरोबर म्हणाला, “महादेवाले चालला म्हण ना मंग.”

इथं बाहेरच्या माणसासाठी सांगायला हवं. आमच्या भागातून पिढ्यान् पिढ्या लोक पचमढीला जातात ते महादेवाच्या दर्शनाला. नवस फेडायला लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन डोंगर चढतात. तिथं हवा थंड असते, ही गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही.

मी सांगितलं की देवाला नाही, नुसतं राहायला चाललो. चार दिवस आराम करायला.

“आराम कायचा?”

“हवा खायला, असं समज.”

“हवा खायले पैसे लागतात काय? शेताच्या धुऱ्यावर येऊन बस. फुकट भेटते.”

त्याचं बोलणं मी सोडून दिलं. तो उन्हातान्हात राबणारा माणूस, त्याला वर्षाला एक दिवसाची रजा नाही, हे मला माहीत होतं. पण तेवढ्यात आतून वहिनी आली. तिच्या हातात नारळ होता आणि नारळावर सव्वा रुपया. तिनं तो माझ्या बायकोच्या ओटीत घातला आणि म्हणाली, महादेवाच्या पायावर आमच्या घरचं म्हणून वाहा. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वहिनीचा नारळ परत कसा करायचा? बायकोनं पदर पुढं केला.

चूक झाली ती तिथं. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसानं एकाचा नारळ घेतला की दुसऱ्याचा नाकारता येत नाही. नाकारला तर त्या माणसाचा देव नाकारला. मी रुपया-पैशांचा सगळा अंदाज काढला होता, पण या एका नारळाची किंमत काढली नव्हती.

त्यानंतर आत स्वयंपाकघरात बायकोनं वहिनीला सांगितलं की लॉजमध्ये सगळं आयतं मिळतं, चहासुद्धा. वहिनीनं म्हणे हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग विचारलं, “मंग दिवसभर हातं काय करतात बाई?” बायकोनं मला हे घरी येऊन सांगितलं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

पुढच्या बाजारच्या दिवशी करडीकडची माणसं मोहाडीला आली तशी आमच्या दारात आली. प्रत्येकाच्या पिशवीत नारळ. कुणी सव्वा रुपया, कुणी आठ आणे, कुणी कागदाच्या पुडीत गुलाल. सगळ्यांना चहा. संध्याकाळपर्यंत साखर संपली. त्यातच आमच्या शेताला लागून ज्याची धानाची बांधी आहे, तो शेतकरी एक त्रिशूळ घेऊन आला. माझ्या मुलापेक्षा उंच, नवा, काळा, टोकांना लिंबं टोचलेला. त्याच्या बैलाच्या पायाला काही झालं होतं, तो बरा झाला म्हणून नवस. त्याला स्वतःला जायला सवड नव्हती. म्हणाला, तुम्ही चाललेच आहात, तर माझा नवस पण फिटून जाईल. मी म्हटलं, मी डोंगर चढणार नाही. तो बिचारा मनापासून हसला. डोंगर न चढता कुणी पचमढीला जातं, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्रिशूळ भिंतीला टेकवून तो गेला.

मी ते पैसे मोजून, कुणाचे किती हे लक्षात ठेवून, वेगळ्या रुमालात बांधले. दुसऱ्याचा पैसा आहे, त्यात गफलत नको. राग आला तरी गफलत नको.

निघायच्या दिवशी दादा आम्हाला पोचवायला स्टेशनवर आला. मला बरं वाटलं. मग त्याच्या मागून बैलबंडीतून उतरलेली आमची आत्या दिसली. वडिलांची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची. आई गेली तेव्हा आम्हा दोघा भावांना तिनंच सांभाळलं. तिच्या काखेत बोचकं होतं. बंडीत तांदळाचं पोतडं, घासलेटचा डबा आणि स्टोव्ह.

दादा म्हणाला, “आत्याले पण घेऊन जा. तिची लय इच्छा आहे महादेवाची. तू तसाही चाललाच.”

आत्यानं गुरुमंत्र घेतला होता. घरच्या बाईच्या हातचं सोडून ती कुठलं काही खात नसे, हॉटेलचं पाणीसुद्धा नाही. हे दादाला माहीत होतं, म्हणूनच स्टोव्ह आला होता. चार सकाळी चूल पेटवायची नाही, एवढ्याचसाठी आम्ही दोन वर्षं पैसे साठवले होते. तो स्टोव्ह माझ्या भावानं हसत हसत माझ्या हातात दिला.

कुणी म्हणेल, तिथंच नाही म्हणायचं होतं. गाडी दोन मिनिटं थांबते. फलाटावर गावची दहा-बारा माणसं उभी. आणि आत्या माझ्या मुलीचा हात धरून तिला सांगत होती की आता मी मेली तरी चालते, महादेव पाहून घेतो. मी धावत जाऊन तिचं तिकीट काढलं. ते तिकीटही दादानं काढलं नव्हतं. बायकोनं स्टोव्ह माझ्या हातातून घेतला, सांडू नये म्हणून त्याची टाकी तपासली आणि सीटखाली सरकवला. तिचा तो हात पाहून मला जेवढा राग आला, तेवढा त्याआधी कधी कुणाचा आला नव्हता.

पचमढीला थंडी खरंच होती. लॉज चांगलं होतं, पलंगावर पांढऱ्या चादरी होत्या. मॅनेजरनं खोलीत स्टोव्ह लावू दिला नाही. मागं धुण्याच्या दगडाजवळ जागा दाखवली. मी त्याला म्हटलं, पाचांपैकी दोन माणसं जेवणार नाहीत, एका ताटाचे पैसे कमी करा. त्यानं माझंच जोडकार्ड काढून दाखवलं. चार माणसांचं जेवण धरून भाव ठरला होता, आणि पाचवं माणूस मी न सांगता आणलं होतं. तो बरोबर होता. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, म्हणून जास्तच चरफडलो.

सकाळी उजाडायच्या आधी बायको मागं जाऊन स्टोव्हला पंप मारायची. आत्याचा चहा, आत्याचं आंघोळीचं पाणी, मग भात, वरण, भाजी. आम्ही तिघं जेवणघरात टेबलाशी बसायचो. चौथं ताट वाढलेलं असायचं, कारण त्याचे पैसे दिले होते. आत्याला मागं दगडापाशी एकटीला जेवायला बसवून बायको टेबलाशी येईना. तिचंही म्हणणं चूक नव्हतं. ते ताट वाढणारा वाढायचा आणि तसंच उचलून न्यायचा. मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, आईचं ताट झाकून ठेवू का. नंतर तिनंही विचारणं सोडलं. मी त्या ताटाकडे पाहत जेवलो, दोन्ही वेळा, सगळे दिवस.

तिसऱ्या सकाळी मी बायकोच्या आधी उठून स्टोव्ह पेटवायला गेलो. आत्या जागीच होती. मला स्टोव्हपाशी उकिडवा बसलेला पाहून ती रडायलाच लागली. मी उपाशी राहीन, पण पोराला चुलीपाशी बसू देणार नाही, म्हणाली. बायको आली, माझ्या हातातली काडेपेटी घेतली आणि म्हणाली, “सरा तुम्ही. उगीच वेळ जाते.”

त्रिशूळ मी चढवला. एक पूर्ण दिवस त्यात गेला. आत्याला डोलीत बसवावं लागलं, तो खर्च निराळा. रुमालातला पैसा न् पैसा एकेकाचं नाव घेऊन वाहिला. वरून बायकोला दरी दिसली असेल, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आत्याचा पाय घसरू नये म्हणून मी खालीच पाहत होते. आत्याचा मला तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. ती कुणाचं काही हिरावून घ्यायला आली नव्हती. तिला जे हवं होतं ते मिळालं, आणि ती तिथल्या दगडावर डोकं टेकून खूप वेळ बसली होती. राग मला त्याचा आहे, ज्याला आत्याची इच्छा दिसली, आपली हौस दिसली, शेजाऱ्याचा बैल दिसला, आणि एक बाई दिसली नाही.

परत आलो तेव्हा हाताशी राहिलेले पैसे संपून कचेरीतल्या सोबत्याकडून उसने घेण्याची पाळी आली होती. दोनच दिवसांत दादाचा निरोप आला. येत्या गुरुवारी मावंदं ठरलं आहे. यात्रा करून आलेल्यानं गावाला जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. दीडशे पानं. खर्चाचा अंदाज त्यानंच लावला होता, चारशे रुपये. आचारी सांगितला नव्हता. घरच्या बायका करतील, असं होतं. घरच्या बायका म्हणजे वहिनी आणि माझी बायको.

आम्ही गावी गेलो. ओसरीवर दादा, गावचे दोघे वडीलधारे आणि मी. बायको आत, दाराच्या आड. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडानं बोलत नाही. पंधरा वर्षांत ती दादाशी एक शब्द बोलली नव्हती, आणि दादा तिच्याशी.

मी सांगितलं की नारळ वाहिले, पैसे वाहिले, प्रसाद घरोघर देतो, पण मावंदं घालणार नाही. मी यात्रेला गेलो नव्हतो. सुट्टीचे जे पैसे होते ते संपले, आणि जेवणावळीला माझ्याकडे पैसा नाही.

दादा म्हणाला, “लोकाइचे नारळ घेतले. पगारदार माणूस तू. लोक काय म्हणतीन?”

मी पुन्हा सांगितलं की मी हवा खायला गेलो होतो.

“हवा खायले गेला होता तं त्रिशूळ कायले नेला मंग?”

दोघे वडीलधारे हसले. एका नारळाला मान हलवली म्हणून नेला, हे काही उत्तर नव्हे.

तेव्हा दाराआडून बायकोचा आवाज आला. ती वहिनीशी बोलत होती, पण ओसरीपर्यंत ऐकू यावं असं. “बाई, त्याइले सांगा, मावंदं करायचं तं करा. सैपाक माह्या हातानं होणार नाही. त्या डोंगरावर मी चार दिवस सैपाकच करत होती. माही यात्रा तेवढीच झाली.”

दादानं वळलेला दोर उलगडला आणि पुन्हा वळायला घेतला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बायको बोलते तुही आता.” मी म्हटलं, “बोलते. तूच ऐकून नाही घेत.” एवढंच बोलणं झालं. आम्ही शेवटच्या बसनं परत आलो.

मावंदं झालं. दादानं घरचे तांदूळ घालून, आचारी लावून केलं. मी पैसा दिला नाही आणि जेवायला गेलो नाही. लोकांचे नारळ खाऊन बसलेला पगारदार, असं माझं नाव गावात पुढं बरीच वर्षं होतं. वर्षभर दादाचं-माझं बोलणं नव्हतं. त्यात मला कमीपणा वाटला नाही. वाईट वाटलं ते आत्याचं, कारण तिला वाटलं तिच्यामुळं हे झालं, आणि तसं नव्हे हे तिला पटवून देणं मला जमलं नाही.

पाच पैसे मी पुन्हा सुरू केले. बायको म्हणाली, राहू द्या, कूलरच घ्या. ती चिडून म्हणाली नाही, त्यामुळं मला ते जास्त लागलं. मी म्हटलं, कूलर दुसऱ्या पैशांतून येईल.

आता प्रश्न किती ठेवायचे हा नव्हता. कुणी पोचवायला येणार नाही, बरोबर येणार नाही, नारळ देणार नाही, असं जायचं कसं, हा होता. कचेरीतले म्हणाले, ट्रेनिंगला चाललो म्हणून सांग. खोटं बोलून जायचं मला मान्य नव्हतं. बायकोच्या चार दिवसांसाठी मी खोटं का बोलावं? चोरी करायला चाललो होतो का?

मग लक्षात आलं की आमच्या भागात वर्षाचे काही दिवस असे असतात, जेव्हा कुणालाही कुठं जायला फुरसत नसते. धानाची रोवणी. त्या दिवसांत सगळं गाव कमरेत वाकून चिखलात असतं. महादेव असो की आत्याची इच्छा असो, बांधी सोडून कुणी हलत नाही. मी स्वतः दरवर्षी रोवणीला आठ दिवस रजा काढून गावी जायचो. धुऱ्यावर उभं राहून रोवणाऱ्या बायांची हजेरी घ्यायची, मजुरी वाटायची, हे काम माझं होतं.

पुन्हा पैसे जमले त्या वर्षी मी दादाला पत्र टाकलं. रोवणीला येत नाही. त्या दिवसांत आम्ही चिखलदऱ्याला चाललो. माझ्या जागी एक माणूस लावावा, त्याची मजुरी मनिऑर्डरनं पाठवत आहे. खोटं एक अक्षर नाही. मनिऑर्डरीचे पैसे मी सुट्टीच्या खर्चातच धरले, कारण ते सुट्टीमुळंच लागत होते. तेव्हापासून आमचा आकडा पाचाचा सात झाला. सात पैशांतले दोन दादाच्या बांधीतल्या मजुरीचे. आजवर मला कुणी विचारलं की सुट्टीवर किती खर्च करावा, तर मी सांगतो, रुपयाला पाच पैसे फिरायला आणि दोन पैसे सुटून जायला. लोकांना वाटतं मी विनोद करतो.

दादानं बाजाराच्या दिवशी एकाजवळ निरोप पाठवला. “मजुरी पाठवते म्हणते. भाऊ काय भाड्यानं भेटते?” माझं मन तेव्हा हललं, हे खरं. पण मनिऑर्डर परत आली नाही.

पोरांच्या शाळेतून रजा घेतली. नागपूर, अमरावती, परतवाडा, मग घाट. बसच्या काचेतून पाऊस आत येत होता. पोचवायला स्टेशनवर कुणी नव्हतं, स्टँडवर कुणी नव्हतं. चिखलदऱ्याला धुकं इतकं की लॉजची पाटी जवळ जाऊन वाचावी लागली. जुलैत कुणी येत नाही म्हणून लॉजवाल्यानं भाव कमी केला. खोलीत ओल होती, छताच्या कोपऱ्यातून थेंब पडत होता. मी बायकोला म्हटलं, मे महिन्यात आलो असतो तर हे सगळं दिसलं असतं. ती म्हणाली, “दिसू द्या नाही तं नका दिसू. सकाळी चहा कोण आणते?”

मी म्हटलं, लॉजचा माणूस.

“उठून मांगा लागते?”

“नाही.”

ती झोपली. मला झोप आली नाही. मी उजाडायच्या आधीच जागा झालो आणि ती आता उठेल, मग उठेल, अशी वाट पाहत पडून राहिलो. सवयीनं तिचा हात एकदा पांघरुणातून बाहेर आला, पलंगाच्या कडेला लागला, तिथंच थांबला. ती उठली नाही. मी हिशेब करायला लागलो, लग्नापासून ही बाई सूर्य उगवल्यावर किती वेळा झोपलेली असेल, आणि बाळंतपणाचे दिवस वगळले तर आकडा शून्य येत होता. मला पुन्हा राग आला, तिथं, त्या ओल्या खोलीत. एवढीशी झोप विकत घ्यायला भाऊ तुटला, गाव तुटलं, रोवणी सुटली.

दारावर टकटक झाली. मी उठून दार किलकिलं केलं. लॉजचा माणूस दोन कप घेऊन उभा होता. मी त्याला खुणेनं गप्प केलं आणि कप घेतले. वाफ निघत होती. तिचा कप तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला आणि वर बशी झाकली. थोड्या वेळानं बशीखालची वाफ थांबली. मी उठवलं नाही. पुन्हा दार वाजलं, नाश्ता विचारायला, तेव्हा मी त्याला परत पाठवलं.

चहा वाया घालवणं मला जमत नाही. दुसरा कप, गार झालेला, साय धरलेला, मीच प्यालो.